अकरावी-बारावीच्या मुलांचे पिंपल: वय आहे म्हणून सोडून द्यायचं, की डॉक्टर गाठायचा? (खानदेशकरांनो, अनुभव सांगा)

तापीकाठ (सोमवार, रात्री)

नमस्कार मंडळी. आम्ही रावेर तालुक्यातले. मुलगा अकरावीला, फैजपूरला कॉलेजला जातो. गेल्या वर्षी कपाळावर बारीक बारीक पुळ्या होत्या, तेव्हा कुणी मनावर घेतलं नाही. आता दोन्ही गालांवर मोठ्या, लाल, दुखऱ्या गाठी येतात. एक बसते ना बसते तोच शेजारी दुसरी. बसली तरी काळा डाग ठेवून जाते.

घरात जितकी माणसं तितके वैद्य. सासूबाईंचं म्हणणं उष्णता झाली, सब्जा द्या, मिरची तोडा. जाऊबाईंनी मुलतानी मातीचा पुडा आणून ठेवलाय. ह्यांचं एकच, "वय आहे, जातील आपोआप, आम्हाला नव्हत्या का?" आणि पोरानं मित्राचं ऐकून मेडिकलमधून परस्पर एक ट्यूब आणली. ती लावली आणि चार-पाच दिवसांत चेहरा एकदम साफ, वर उजळही दिसायला लागला. सगळे खूष. लावायची बंद केली तर दुपटीनं उठलं. चेहरा लालेलाल, उन्हात गेलं की आग. मग परत तीच ट्यूब. आता ती लावल्याशिवाय तो घराबाहेर पडत नाही.

मामेबहिणीच्या हळदीलाही आला नाही. पोट दुखतंय म्हणाला. पोट कसलं, फोटो काढतील म्हणून.

मला एवढंच विचारायचंय: जळगाव-भुसावळला स्किनच्या डॉक्टरकडे न्यायची खरंच गरज आहे का? ही ट्यूब चालू ठेवावी का? आणि शेवभाजी, भरीत वगैरे बंद करावं का?

भरीतमास्तर (सोमवार, रात्री)

ताई, बाकी काय वाटेल ते बंद करा, भरताला हात लावू नका! थंडीत शेतात काड्यांवर वांगी भाजताना जो पोरगा लांब बसून काकडी खातो त्याचं दुःख मला ठाऊक आहे, कारण तो पोरगा मी होतो. बारावीला आईनं माझं तिखट-तेलकट सगळं तोडलं. घरात सगळ्यांना कळण्याची भाकरी नि ठेचा, मला वरण-भात. वजन उतरलं, पिंपल तिथल्या तिथे. पुढे कॉलेजात मेसचं तेलकट खाऊनही आपोआप कमी झाले. म्हणून माझा या पथ्यावर काडीचा विश्वास नाही.

ट्यूबचं मात्र जाणकारांना विचारा. लक्षण बरं दिसत नाही.

गिरणाकाठ (मंगळवार, सकाळी)

ही सगळी केमिकलची देणगी आहे. आमच्या आजीच्या वेळी कुठे होते स्किन स्पेशालिस्ट? कडुलिंबाचा पाला वाटून लावा, हळद-बेसन लावा, सकाळी अनशापोटी कोरफड. मोठी गाठ आली तर चुना-हळदीचा ठिपका, रात्रीतून बसते. डॉक्टर लोक एकदा धरले की सोडत नाहीत. पोराचं पोट साफ आहे का ते आधी बघा, सगळं मूळ तिथंच असतं.

सातपुडा (मंगळवार, सकाळी)

ताई, घाबरानं काम नही शे. डॉक्टरले दखाडा, बठ्ठं बरं व्हई जाई. पन ती ट्यूब पह्यले फेकी द्या!

औषधवाला (मंगळवार, दुपारी)

मी मेडिकलवालाच आहे, चोपडा तालुक्यात दुकान. ताईंनी नाव लिहिलेलं नाही, तरी ट्यूब कुठल्या जातीची ते सांगतो. "लावली की साफ, सोडली की दुप्पट" हे वर्णन आमच्या काउंटरवर रोज ऐकू येतं. त्यात स्टेरॉइड आहे. ट्यूबवर बारीक अक्षरात बघा: बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, यातलं एखादं नाव सापडेल. पुष्कळदा त्याच्याच जोडीला हायड्रोक्विनोन (रंग उजळवणारं) आणि ट्रेटिनॉइन (कातडी सोलणारं) असतं, म्हणजे एकात तीन. एकात चारवालीही मिळतात, खाजेवरची, त्यात बुरशीचं नि जंतूंचं औषध स्टेरॉइडबरोबर कोंबलेलं असतं. लोक तीसुद्धा तोंडाला लावतात.

विकत घ्यायची तऱ्हा सांगतो. पोरगा दुकानाच्या कडेला उभा राहतो. गर्दी हटेपर्यंत मोबाइल बघत राहतो. सगळे गेले की पुढे येतो, तोंडानं काही बोलत नाही, मोबाइलवर ट्यूबचा फोटो दाखवतो. मुलगी असेल तर स्कार्फ नाकापर्यंत तसाच, नुसता एक गाल उघडून दाखवते आणि लगेच झाकते. फोटो कुणी पाठवला? वर्गातल्या मैत्रिणीनं. तिला कुणी सांगितलं? पार्लरवालीनं. साखळी अशी असते, त्यात डॉक्टर कुठेच नसतो. आणि बाजाराच्या दिवशी बाया येतात त्या तर सरळ म्हणतात, "ती गोरं करायची द्या." पोरीला बघायला पाहुणे यायचे असतात.

२०१८ साली सरकारनं स्टेरॉइडची चौदा मलमं शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. कागदावर नियम आहे. मी नाही म्हटलं की गिऱ्हाईक समोरच्या गल्लीत जातं, तिथं मिळते. वर मलाच ऐकवतं, "तुमच्याकडे काही मिळतच नाही." धंद्याचं हे असं आहे, त्यावर जास्त बोलत नाही.

बिननावाच्या डबीतल्या क्रीमही आठवडे बाजारात येतात. कंपनी नाही, घटक लिहिलेले नाहीत. अशा गोरं करणाऱ्या क्रीममध्ये पारा सापडतो आणि पाऱ्यानं मूत्रपिंडं खराब होतात. त्या तर अजिबात नको.

गिरणाकाठ भाऊ, चुना तोंडाला लावून आलेल्या पोरांना मी जळाल्यावरचं मलम विकलेलं आहे, एवढंच सांगतो.

धुळ्याचा_त्वचावैद्य (मंगळवार, रात्री उशिरा)

धागा दुपारीच वाचला होता, ओपीडी आटोपून आता लिहितोय. लांबेल, सांभाळून घ्या.

आधी ट्यूबबद्दल. औषधवाल्यांनी अचूक ओळखलं. फक्त सातपुडाभाऊ म्हणतात तशी फेकू नका ताई, डॉक्टरकडे जाताना बरोबर न्या. काय आणि किती दिवस लावलं हे कळलं की आमचं अर्धं काम होतं. स्टेरॉइड सूज दाबतं, म्हणून चार दिवसांत चेहरा गुळगुळीत दिसतो. पिंपलचं कारण तिथंच राहतं. महिनोन् महिने लावलं तर कातडी पातळ होते, बारीक लाल शिरा दिसायला लागतात, गालावर लव वाढते, उन्हानं नि पाण्यानंही आग होते आणि स्टेरॉइडच्या स्वतःच्याच वेगळ्या पुळ्या येतात. थांबवलं की चेहरा भडकतो, मग माणूस पुन्हा लावतो. आमच्यात याला टॉपिकल स्टेरॉइड डॅमेज्ड फेस असं नावच आहे आणि त्वचारोगतज्ज्ञांच्या देशपातळीवरच्या संघटनेला या गैरवापराविरुद्ध वेगळं कृतिदल काढावं लागलं, इतकं हे पसरलंय. सोडताना काही आठवडे त्रास होतो. कुणाच्या तरी देखरेखीखाली सोडलं तर तो सुसह्य होतो. एकट्यानं सोडणारी पोरं आठवड्यात परत तिथंच येतात.

आता पिंपल मुळात का येतात. वयात येताना अँड्रोजेन संप्रेरकं वाढतात, मुलांत आणि मुलींतही. त्यांच्यामुळे कातडीतल्या तेलाच्या ग्रंथी मोठ्या होतात, जास्त तेल करतात. त्याच वेळी छिद्राच्या तोंडाशी मेलेल्या पेशी झडण्याऐवजी चिकटून बसतात. रावेर-यावलच्या लोकांना केळीचं ठिबक सांगायला नको: लाइनीत पाणी भरपूर, पण ड्रिपरचं तोंड क्षारानं बुजलेलं. आत तेल साचतं, त्यावर एक जिवाणू वाढतो, क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस. तो एरवीही सगळ्यांच्या अंगावर असतोच. शरीर त्याच्यावर तुटून पडतं आणि आपल्याला लाल, दुखरी पुळी दिसते. पोट साफ नसण्याशी, रक्त "खराब" असण्याशी याचा संबंध नाही. मळाशीही नाही. ब्लॅकहेडचा काळेपणा म्हणजे घाण नव्हे, तोंड उघडं असल्यानं आतला ऐवज हवा लागून काळा पडतो. म्हणून घासून जात नाही. घासलं की सूज तेवढी वाढते.

"वय आहे, जातील" हे अर्धं खरं आहे. बहुतेकांचे विशीत कमी होतात. पण ताईंनी वर्णन केलंय तशा खोल, दुखऱ्या गाठी खड्डे ठेवून जातात आणि खड्डे आपोआप भरत नाहीत. डाग आणि खड्डा यात फरक करा. सपाट काळा डाग आपल्या सावळ्या कातडीत हमखास पडतो, तो काही महिन्यांनी फिका होतो, ऊन टाळलं तर लवकर. खड्डा राहतो. म्हणून गाठी असतील तर वाट बघायची नाही.

उपचाराचं थोडक्यात. बारीक पुळ्या, ब्लॅकहेड असतील तर रात्री लावायचं अ‍ॅडापलीनचं ०.१ टक्क्याचं जेल हा पाया. ते छिद्राचं बूच सोडवतं. लाल पुळ्या असतील तर जोडीला बेंझॉइल पेरॉक्साइड. यात २.५ टक्के पुरतं, १० टक्क्यानं गुण जास्त येत नाही, आग मात्र जास्त होते. मध्यम आजाराला डॉक्सिसायक्लिनसारखी गोळी काही आठवडे, जास्तीत जास्त तीन-चार महिने, आणि ती बंद झाल्यावरही लावायचं औषध चालूच. नुसतं अँटिबायोटिक, मग ते खायचं असो की लावायचं क्लिंडामायसिन असो, एकटं देऊ नये, जिवाणू निर्ढावतात. गाठी, खड्डे किंवा कशालाच दाद न देणारा आजार असेल तर पोटात घ्यायचं आयसोट्रेटिनॉइन. ते उत्तम काम करतं, पण ते डॉक्टरशिवाय घ्यायचं औषधच नव्हे. आधी नि मध्ये रक्ताच्या तपासण्या लागतात. मुलींच्या बाबतीत तर गर्भावर अतिशय गंभीर दुष्परिणाम होतात, त्यामुळे औषध चालू असताना आणि संपल्यावर महिनाभर गर्भधारणा होता कामा नये. हे आईसमोर सांगताना सगळेच अवघडतात. तरी मी सांगतोच.

लावायचं कसं यात निम्मे उपचार फसतात. पोरं जेल फक्त पुळीवर ठिपक्यासारखं लावतात. अ‍ॅडापलीन सगळ्या चेहऱ्यावर लावायचं, पण हरभऱ्याच्या दाण्याएवढंच, पूर्ण कोरड्या चेहऱ्यावर, सुरुवातीला एक दिवसाआड. पहिले दोन-चार आठवडे कातडी सोलते, पिंपल वाढल्यासारखेही वाटतात. इथंच ९० टक्के लोक सोडतात (हा माझा अंदाज, अभ्यास नव्हे). खरा फरक दोन-तीन महिन्यांनी कळतो. स्टेरॉइड चार दिवसांत दाखवतं आणि खरं औषध बारा आठवडे घेतं, त्यामुळे पोरांना खरं औषधच खोटं वाटतं. माझी निम्मी ओपीडी हे समजावण्यात जाते.

ताई, दोन प्रश्न. तो डोक्याला तेल थापून झोपतो का? आणि कपाळावरच्या त्या पुळ्या एकसारख्या, खाजणाऱ्या होत्या का?

तापीकाठ (बुधवार, सकाळी)

डॉक्टरसाहेब, एवढं सविस्तर लिहिलंत, खूप आभार. हो, तेल मीच लावते! रोज रात्री, चांगलं कोमट करून. अभ्यासानं डोकं तापतं ना. खाज फारशी नाही.

ट्यूबवर बघितलं, मोमेटासोन लिहिलंय. बाकी दोन नावंही औषधवाल्यांनी सांगितली तीच.

धुळ्याचा_त्वचावैद्य (बुधवार, दुपारी)

तेल आठवड्यातून एकदा, न्हाण्याच्या आधी, आणि लगेच धुवा. रात्रभर ते कपाळावर नि उशीवर उतरतं आणि छिद्रं बुजवतं. कपाळाच्या वरच्या कडेला, केसांलगत बारीक पुळ्यांची रांग दिसली की मी आधी तेलाचंच विचारतो. उशीचा अभ्रा बदलत राहा. खाज असती तर बुरशीचा विचार केला असता. त्या पुळ्या पिंपलसारख्याच दिसतात, पण अँटिबायोटिकनं वाढतात.

खाण्याचं राहिलं. मिरचीनं पिंपल येतात याला आधार नाही, त्यामुळे भरीतमास्तर सुटले. मात्र साखर नि मैदा भरपूर असलेलं खाणं, थंड पेयं, काहींना जास्त दूध, आणि व्यायामशाळेतली व्हे प्रोटीनची पावडर यांचा संबंध अभ्यासांत दिसतो. शेवभाजी खाऊ द्या. रोजची कोल्ड्रिंकची बाटली आणि बिस्किटांचा पुडा बंद करा. सब्जा प्यायला हरकत नाही, पिंपलसाठी मात्र नाही.

शहाद्याची_लेक (बुधवार, रात्री)

मी १९ वर्षांची आहे. माझं थोडं वेगळं. गालापेक्षा हनुवटीवर नि जबड्याच्या कडेला येतात, पाळीच्या आधी तर नक्कीच. पाळीही दोन-दोन महिने येत नाही. ओठांवर लव आहे. घरात सांगितलं तर आत्या म्हणतात, लग्न झालं की सगळं जातं. प्रत्येक दुखण्यावर हाच उतारा. मैत्रिणीला डोकेदुखी होती, तिलाही हेच सांगितलं होतं.

उन्हाळ्यात कॉलेजला गाडीवर जाताना डोळे सोडून सगळा चेहरा स्कार्फनं बांधावा लागतो. मे महिन्यात ४४-४५ अंशांत दुसरा इलाज नाही. त्यानंही वाढतात का?

धुळ्याचा_त्वचावैद्य (गुरुवार, सकाळी)

स्कार्फ बांधाच, नाहीतर ऊन डाग गडद करेल. पण सुती घ्या, सैल बांधा आणि रोज धुवा. घामानं भिजलेला, गाडीच्या डिकीत कोंबलेला स्कार्फ दुसऱ्या दिवशी तसाच बांधला की घर्षण नि घाम मिळून पिंपल वाढतात. हेल्मेटच्या पट्ट्याखाली हनुवटीवर येतात तेही यातलंच.

पाळी अनियमित, लव वाढलेली आणि जबड्यावर पिंपल हे तिन्ही एकत्र असेल तर पीसीओएसची (अंडाशय नि संप्रेरकांचा बिघाड) तपासणी करून घ्या. स्त्रीरोगतज्ज्ञ रक्तातली संप्रेरकं तपासतील, लागली तर सोनोग्राफी. मूळ संप्रेरकांत असेल तर नुसत्या मलमानं अर्धवटच गुण येतो. लग्नानं पीसीओएस जात नाही, हे आत्यांना माझ्या नावानं सांगा.

धडगावचे_गुरुजी (गुरुवार, रात्री)

आश्रमशाळेत शिकवतो, तिथली गोष्ट सांगतो. आमची पोरं अंघोळीच्या, कपड्यांच्या आणि तोंडाच्या साबणात भेद करत नाहीत. कपडे धुवायच्या पिवळ्या वडीनं तोंड खसाखसा घासतात. पिंपल असलेला पोरगा तर दिवसातून चार वेळा घासतो, घाण आहे असं त्याला वाटतं म्हणून. कातडी फाटल्यासारखी होते. कपाटाच्या आरशासमोर उभं राहून नखानं फोडणं हा संध्याकाळचा कार्यक्रम. मग जंतू धरतो, गाल सुजतो, आणि तेव्हा कुठे माझ्याकडे येतात.

स्किनचा डॉक्टर आमच्याकडे कुठला? पण एक सांगायचंय. २०१४ पासून राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आहे, १० ते १९ वयाच्या मुलांसाठी. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत त्याची "मैत्री" नावाची क्लिनिकं असतात, समुपदेशक असतो. पोरं तिथं फक्त पाळी नि रक्त वाढवायच्या गोळ्यांसाठी जातात, पिंपलचंही विचारता येतं हे त्यांना माहीतच नाही. मी आमच्या दोघांना पाठवलं होतं. तिथून पुढे नंदुरबारच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात पाठवलं, तिथल्या त्वचा विभागात दाखवलं. खासगीच्या मानानं खर्च नगण्य. जळगाव आणि धुळ्यालाही शासकीय महाविद्यालयं आहेतच. रांगेची तयारी ठेवा.

गिरणाकाठ (शुक्रवार, सकाळी)

औषधवाले, पटलं. चुन्याचं माझं म्हणणं मागे घेतो. पण कडुलिंब नि हळदीला तुम्ही सगळे मिळून वाळीत टाकताय हे मान्य नाही. आणि डॉक्टर, तुमचं ते जेलही सोलतं, आग करतं म्हणता. मग चुन्यात नि त्यात फरक काय?

धुळ्याचा_त्वचावैद्य (शुक्रवार, रात्री)

फरक असा की जेलची ताकद, वेळ आणि प्रमाण मोजलेलं आहे. आग वाढली तर एक दिवसाआड करता येतं, वर मॉइश्चरायझर लावता येतं. चुना भाजतो आणि कायमचा डाग ठेवतो. लिंबू लावून उन्हात गेलेली मुलगी मागे आली होती, गालावर तपकिरी ओघळ उठले होते. टूथपेस्टही तीच कथा.

बेसन-हळदीला माझा विरोध नाही. त्यानं बिघडत नाही, गाठीही बसत नाहीत. हळदी-उटण्यानं घरच्यांचं समाधान होत असेल तर आठवड्यातून एकदा लावा, धुवा, पण अ‍ॅडापलीन लावता त्या रात्री नको. चेहरा दिवसातून दोनदा सौम्य फेसवॉशनं धुवायचा, बस्स. तेलकट चेहऱ्याला मॉइश्चरायझर नको हा गैरसमज आहे. जेलसारखं, तेल नसलेलं घ्यावं.

होस्टेलवासी (शनिवार, दुपारी)

शिरपूरला इंजिनिअरिंगला आहे, दुसरं वर्ष. या धाग्यात ज्याच्याबद्दल बोलणं चाललंय त्याच्या जवळपासच्या वयाचा मुलगा बहुतेक मी एकटाच, म्हणून लिहितो.

मला ताईंच्या मुलापेक्षा वाईट होते, पाठीवरसुद्धा. शाळेत जे नाव पडलं होतं ते इथं लिहीत नाही. मी पहिल्या बाकावरून शेवटच्या बाकावर गेलो ते मास्तरांनी उठवलं म्हणून नव्हे. सेल्फी फिल्टर लावूनच. आधार कार्डावरचा फोटो कुणाला दाखवत नाही. सगळ्यात जास्त राग कशाचा यायचा सांगू? नातेवाइकांचा. पाहुणे घरात पाय ठेवतात आणि पहिलं वाक्य, "अरे, तोंडाला काय झालं हे?" जणू मला कालपर्यंत माहीतच नव्हतं.

शेवटी आयसोट्रेटिनॉइन चालू झालं. पहिल्या महिन्यात आणखी भडकलं. ओठ इतके फाटायचे की जांभई देताना कळ यायची, नाकातून थोडं रक्त. थंडीत तर खिशात व्हॅसलिनची डबी कायम. पण हळूहळू नवीन येणं थांबलं. डाव्या गालावर खड्डे राहिले ते राहिलेच. दोन वर्षं आधी नेलं असतं तर कदाचित नसते राहिले. हे आई-वडिलांना मी कधी बोलून दाखवलं नाही, त्यांनी त्यांच्या समजुतीनं केलं.

ताई, त्याला दवाखान्यात नेताना "किती वाईट झालंय बघ" म्हणू नका. आणि डॉक्टरांशी त्याला एकट्याला बोलू द्या दोन मिनिटं. माझ्या डॉक्टरांनी पप्पांना बाहेर बसवलं होतं, तेव्हा मी पहिल्यांदा खरं सांगितलं, की मला कॉलेजलाच जावंसं वाटत नाही.

धुळ्याचा_त्वचावैद्य (शनिवार, रात्री)

होस्टेलवासी, धन्यवाद. पालकांना बाहेर बसवणं मीही करतो. पिंपलची तीव्रता आणि मनावरचा ताण यांचं प्रमाण जुळतंच असं नाही. चार पुळ्यांवरही कुणी खोलीत कोंडून घेतं. जेवण तुटलं, झोप उडाली, मित्र तोडले, जगण्याचा कंटाळा बोलून दाखवला तर पिंपल बाजूला ठेवून आधी ते बघायचं. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं. आयसोट्रेटिनॉइन चालू असताना मनःस्थितीत बदल वाटला तरी डॉक्टरला लगेच कळवायचं. खड्ड्यांवरही आता उपचार आहेत, सबसिजन (खड्ड्याखालचे घट्ट धागे सुईनं सोडवणं), मायक्रोनीडलिंग (बारीक सुयांनी टोचणं), लेझर. पूर्ण सपाट होत नाहीत, पण बरेच भरतात. पिंपल पूर्ण शांत झाल्यावरच ते करायचे.

भरीतमास्तर (रविवार, सकाळी)

+१ होस्टेलवासी. नातेवाइकांच्या "काय झालं हे"साठी वेगळा धागा काढायला हवा.

तापीकाठ (महिनाभरानं)

मंडळी, दाखवून आलो. ट्यूब बघून डॉक्टरीणबाईंनी कपाळावर हात मारला, तेवढ्यानं पोरगा हसला तरी. त्याच्याशी वेगळंही बोलल्या. काय बोलल्या ते मी विचारलं नाही. स्टेरॉइड बंद, काही दिवस नुसतं मॉइश्चरायझर नि सनस्क्रीन, मग गोळी आणि रात्रीचं जेल. मधले दोन आठवडे फार वाईट गेले, चेहरा सुजून लाल. रोज म्हणायचा, ती जुनीच परत आण. ह्यांनीही एकदा म्हटलं, "देऊन टाक त्याला." नाही दिली. अजून गाठी आहेत, नवीन जरा कमी येतात इतकंच म्हणेन. डोक्याचं तेल बंद केल्यावर कपाळ मात्र खरंच साफ दिसतंय. सासूबाई नाराज आहेत.

एक अडचण: सकाळच्या त्या बेंझॉइलवाल्या औषधानं दोन टॉवेलना नि कॉलेजच्या निळ्या शर्टाच्या कॉलरला पांढरे चट्टे पडले. औषध खराब निघालं का?

औषधवाला (त्याच रात्री)

नाही ताई, ते ब्लीचच करतं. पांढरा टॉवेल वेगळा काढून ठेवा. औषध पूर्ण वाळल्यावर शर्ट घालू दे, किंवा डॉक्टरीणबाईंना विचारून लावून धुवायचा प्रकार घ्या. आणि गोळी डॉक्सिसायक्लिन असेल तर ग्लासभर पाण्याबरोबर, जेवणानंतर, आणि घेतल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही, अन्ननलिकेत अडकली तर जळजळते. त्या गोळीवर ऊनही जास्त लागतं, दुपारी शेतात पाठवू नका.

व्यायामवीर_पाचोरा (दुसऱ्या दिवशी)

धागा वर काढतोय. वय १८, चेहरा साफ, पण जिम लावल्यापासून खांदे नि पाठ पिंपलनं पूर्ण भरली. प्रोटीन पावडर चालू आहे. शिवाय ट्रेनरनं एक इंजेक्शन सुचवलंय, मसल लवकर बनतात म्हणे. घेऊ का?

धुळ्याचा_त्वचावैद्य (दुसऱ्या दिवशी, रात्री)

इंजेक्शन अजिबात नको. ते बहुधा अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइड असणार, म्हणजे मलमातलं नव्हे, स्नायू फुगवणारं. त्यानं पाठ आणखी भरेल, शिवाय यकृत, हृदय आणि वृषणांवर परिणाम होतो तो वेगळाच. पावडर दोन महिने बंद करून बघा, डाळी, अंडी, शेंगदाणे चालतील. घामाचा बनियन जिममधून निघतानाच बदला. पाठीला २.५ किंवा ५ टक्क्यांचं बेंझॉइल पेरॉक्साइडचं वॉश लावून काही मिनिटं ठेवून धुवा. गाठी असतील तर पाचोऱ्याहून जळगाव लांब नाही. इंजेक्शनच्या बाटलीचा फोटो मला निरोपातून पाठवा.